पलिष्ट्यांनी विहीर बुजवली कशाला?

ईस्टरआधीच्या उपासकाळात वसईतल्या आमच्या आळीतली प्रार्थना घरोघरी फिरते. त्या संध्याकाळी ती शेजारच्या ओटीवर होती. पंखा पूर्ण वेगात, तरी पाठीला घाम. मधोमध स्टुलावर क्रूस आणि मेणबत्ती, वाऱ्याने ती विझू नये म्हणून तिच्याभोवती काचेचा ग्लास, आणि आतून गवती चहा उकळल्याचा वास. वाचन बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातलं होतं. अब्राहामाच्या काळात खोदलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी, म्हणजे त्या मुलखातल्या लोकांनी, मातीने बुजवून टाकल्या. अब्राहामाच्या मुलाने, इसहाकाने, त्या पुन्हा खणून मोकळ्या केल्या आणि बापाने ठेवलेली नावंच त्यांना पुन्हा दिली. वाचन झालं की जरा वेळ गप्प बसायचं, मग ज्याला जे सुचेल ते बोलायचं, असा आमचा रिवाज. सगळ्यात आधी बोलली ती रोज चर्चगेट लोकलने ऑफिसला जाणारी एक मुलगी. जाता-येता कानात हेडफोन घालून ती अध्यात्मावरचं बरंच ऐकते. म्हणाली, "विहीर म्हणजे आपलं मन. पलिष्टी म्हणजे बाहेरचे कुणी नाहीत, आपलेच नकारात्मक विचार. ते मनावर माती टाकतात आणि आपण ती काढायची असते." छान बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली, लुगड्यातली एक आजी म्हणाली, "अगं बाय, ते सगळं खरं. पण त्यांनी विहीर बुजवली कशाला? पाणी तर त्यांनाही लागलं असतं की."

कुणाकडेच उत्तर नव्हतं. कुणीतरी हसलं, तेवढ्यात चहा आला, बशीत सुकेळी आली, आणि बोलणं दहावीच्या परीक्षेवर गेलं. आजीनेही उत्तराची वाट पाहिली नाही, तिला चहात साखर कमी वाटत होती. पण मला तो प्रश्न घरापर्यंत चिकटून आला. आमच्याकडे हा प्रश्न फक्त पलिष्ट्यांचा नाही.

माझ्या माहेरच्या वाडीत बावखल होतं. वसईबाहेरच्या माणसाला ते दाखवावं लागतं, नुसतं सांगून कळत नाही: विहिरीसारखं बांधीव नाही, तळ्याएवढं मोठं नाही, वाडीच्या पोटात खणलेलं, उतरत्या काठांचं गोडं पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तरीही गोडं. दुपारी त्यावर केळीची सावली पडायची. एका अंगाला हिरवी साय, दुसऱ्या अंगाला आईने कपडे धुवायला मोकळी ठेवलेली जागा, तिथल्या धोंड्यावर साबणाचा पांढरा थर. आजोबांचा रहाट मी पाहिला तो मोडकाच. पंप आला होता. पंप सुरू झाला की पाटातून पाणी पानवेलीकडे धावायचं आणि पाटाच्या तोंडाशी बसलेले बेडूक टणाटण उड्या मारत बाजूला व्हायचे. पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या, एक हिस्सा विकला गेला, आणि बावखल नेमकं त्या हिश्श्यात होतं. ते बुजवलं त्या दिवशी मी तिथं होते. डंपर पाठमोरा काठाशी आला, हौदा वर उचलला गेला आणि कुणाच्या तरी पाडलेल्या इमारतीचं डेब्रिज पाण्यात कोसळलं. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, न्हाणीघरातल्या निळ्या टाइल्स. मला वाटलं होतं पाणी मुकाट्याने गिळून घेईल. ते उलट वर चढलं. गढूळ होऊन केळीच्या बुडाशी आलं आणि सोबत मासे घेऊन आलं. पोरं टोपल्या घेऊन धावली. त्या रात्री वाडीत घरोघरी कालवण शिजलं. आम्हीही खाल्लं, आणि चवीला चांगलं होतं, हेही सांगायला हवं.

तिथं आता इमारत आहे. तिला पाणी टँकरचं येतं.

तर त्या प्रार्थनेनंतर मी कपाट उघडलं आणि धर्मशिक्षणाच्या कोर्ससाठी जमवलेली जुनी झेरॉक्स पानं शोधून काढली. मला आठवत होतं, याच विहिरींवर ओरिजनचं एक प्रवचन आहे. ओरिजन हा बायबलचा अगदी सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती भाष्यकार, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा, जन्म सुमारे इसवी सन १८५ चा. ख्रिस्ती म्हणून २०२ साली त्याच्या बापाला मारलं. पोरगाही हुतात्मा व्हायला निघाला, तेव्हा आईने त्याचे कपडे लपवून ठेवले, आणि उघड्याने बाहेर कसं पडायचं म्हणून तो घरात अडकला, असं चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो. (त्या माऊलीने कपडे लपवले नसते तर बायबलवर पुढे लिहिलं गेलेलं निम्मं साहित्य निराळं असतं.) उत्तरायुष्यात तो पॅलेस्टाइनमधल्या कैसरिया या बंदराच्या गावी होता, आणि उत्पत्तीवरची त्याची प्रवचनं तिथली. मूळ ग्रीक बहुतेक हरवलंय, आपल्या हाती रुफिनसने केलेलं लॅटिन आहे. त्यातली पहिली गंमत अशी की हा थोर माणूस श्रोत्यांवर वैतागलेला आहे. इसहाकाची पुढे बायको झालेली रिबका रोज विहिरीवर येत होती म्हणून तिला अब्राहामाचा नोकर भेटला, असं तो सांगतो आणि मग सुनावतो की तुम्ही तर सणासुदीलाही धड देवळात येत नाही. दुसऱ्या एका प्रवचनात, शास्त्र वाचलं जात असताना कोपऱ्यात गप्पा मारत बसणाऱ्यांवर घसरतो. तिसऱ्या शतकातली ही झाडणी वाचताना मला आमच्या चर्चच्या मागच्या बाकांवरचे चेहरे दिसत होते.

विहिरींच्या प्रवचनात ओरिजन दोन पायऱ्या उतरतो. पहिली पायरी अशी की विहिरी म्हणजे पवित्र शास्त्र. पलिष्टी कोण, तर जे शास्त्रात फक्त माती भरतात, म्हणजे वरवरचा, जमिनीवरचा अर्थ तेवढा घेतात आणि खोल खणणाऱ्याला अडवतात. मी इथं खणायला लागलो की अक्षराला धरून बसणारे माझ्यावर तुटून पडतील, असंही तो म्हणतो, म्हणजे भांडण तेव्हाही होतंच. दुसरी पायरी मला जास्त आवडते. तुमच्या प्रत्येकाच्या आत जिवंत पाण्याची विहीर आहे, तो सांगतो, आणि तिच्यात मातीचे ढीग पडलेत, ते उपसा. मग तो एकदम वेगळ्याच गोष्टीकडे वळतो. नाणं हरवलेली ती बाई, जिने दिवा लावला, घर झाडलं आणि नाणं शोधलं. नाणं बाहेर कुठं नव्हतं, घरातच होतं. नाण्यावर राजाची प्रतिमा असते तशी माणसाच्या आत देवाची प्रतिमा आहे. ती रंगवणारा इतका कसबी की दुर्लक्षाने ती झाकोळते, पण दुष्टपणानेही पुसली जात नाही.

म्हणजे त्या लोकलवाल्या मुलीने जे म्हटलं ते काही हल्लीचं फॅड नव्हतं. अठराशे वर्षांचा त्याला आधार आहे, निदान विहीर म्हणजे मन इथपर्यंत.

आणि या लोकांना असं वाचावंसं का वाटलं, तेही समजण्यासारखं आहे. ओरिजन सरळच विचारतो, सूर्य-चंद्र नसताना पहिले तीन दिवस उजाडले आणि मावळले कसे? देव संध्याकाळी बागेत फेऱ्या मारत होता, हे कुणी शब्दशः घेईल का? सैतानाने येशूला जगातली सगळी राज्यं दाखवली तो एवढा उंच डोंगर कुठला? त्याचं म्हणणं, असे धोंडे शास्त्रात मुद्दाम ठेवलेत, वाचणाऱ्याला ठेच लागावी आणि त्याने थांबून खाली बघावं म्हणून. ज्यांच्या कानावर लहानपणापासून नाथांचं विंचवाचं भारूड आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. तो विंचू कुणाच्या पायाला चावलेला नाही, हे गावातल्या शेवटच्या म्हातारीलाही कळतं, आणि तरी भारूड करणारा असा काही तडफडतो की बघणारा आपला पाय वर घेतो. गीतेचं कुरुक्षेत्र बाहेरचं की आतलं, यावर आपल्याकडे किती शाई सांडली, तेही आहेच.

पुढे चर्चचा मोठा धर्मपंडित झालेल्या संत ऑगस्टीनला तर या वाचनानेच परत आणलं. तरुणपणी त्याला जुना करार गावंढळ वाटायचा. बहुपत्नीक पूर्वज, रागावणारा देव, यावर मानीपंथी, म्हणजे मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाचे अनुयायी, हसायचे आणि तोही त्यांच्यात होता. ३८४ साली तो मिलानला गेला, बिशप अँब्रोसचं वक्तृत्व ऐकावं म्हणून चर्चमध्ये बसायला लागला, आणि शब्दांसोबत अर्थही कानात शिरला. अक्षर मारतं, आत्मा जगवतो, हे प्रेषित पौलाचं वाक्य अँब्रोस जणू नियम म्हणून पुढे ठेवायचा आणि एकेक अवघड उतारा सोडवायचा. ३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनने त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच्याच काळातल्या जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने मग हे सगळं एका गावात बसवून दाखवलं: यरुशलेम म्हणजे यहुद्यांचं शहर, यरुशलेम म्हणजे चर्च, यरुशलेम म्हणजे माणसाचा आत्मा, यरुशलेम म्हणजे स्वर्गातली नगरी. चार अर्थ एकाच वेळी खरे. मध्ययुगातले मठवासी हजार वर्षं असंच वाचत राहिले.

लोकलवाल्या मुलीला मी नंतर विचारलं, हे तू कुठं ऐकतेस? तिने फोनवर दाखवलं. पॉडकास्ट अमेरिकन होता आणि त्याचं मूळ मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत. तिथं चार्ल्स आणि मर्टल फिलमोर या नवरा-बायकोने १८८९ मध्ये सुरू केलेली युनिटी नावाची चळवळ आहे. मर्टल शिक्षिका होती, क्षयाने खंगलेली. १८८६ मध्ये तिने एक व्याख्यान ऐकलं आणि एक वाक्य घेऊन घरी आली: मी देवाची लेक आहे, त्यामुळे आजार हा माझा वारसा नाही. ती आपल्या शरीराशी, एकेका अवयवाशी बोलत बसायची, माफी मागायची, आणि बरी झाली, असं तिचं सांगणं. चार्ल्सचा पाय लहानपणी बर्फावर घसरून कायमचा अधू झालेला. तो बायकोइतका भाबडा नव्हता, पण मग तोही ओढला गेला. त्यांनी या मार्गाला व्यवहारी ख्रिस्ती धर्म म्हटलं. १९३१ मध्ये त्यांच्याकडून बायबलमधल्या नावांचा एक जाडजूड आध्यात्मिक कोश निघाला. त्यात माणसं, गावं, नद्या, डोंगर, सगळी अकारविल्हे, आणि प्रत्येकासमोर आपल्या मनातली कुठली अवस्था ते दिलेलं. इजिप्त म्हणजे अज्ञानाचा अंधार. येशूचे बारा शिष्य म्हणजे माणसाच्या बारा शक्ती: पेत्र श्रद्धा, योहान प्रेम, थोमा समज, मत्तय इच्छाशक्ती. प्रत्येकाला शरीरातली एक जागाही नेमून दिलेली, प्रेमाची हृदयाशी, सामर्थ्याची गळ्यापाशी. आपल्याकडच्या माणसाला वाचताना चक्रं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

एक तपशील वाचून मात्र मी एकटीच हसले. चार्ल्स फिलमोरचा मूळ धंदा जमिनींच्या खरेदी-विक्रीचा. प्लॉट विकणारा माणूस सांगतो की वचनदत्त भूमी म्हणजे जमीन नव्हे, ती मनाची अवस्था आहे!

हसले खरी, पण तो कोश चाळायला घेतला की सुटत नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर वाचताना मजा येते, कारण प्रत्येक नोंदीत आपण सापडतो. मी अमक्या ठिकाणी अडकलेय, माझा थोमा जागा आहे पण पेत्र झोपलाय, असं काहीतरी. आणि थोड्या वेळाने गुदमरायला होतं. सगळं बायबल म्हणजे मीच. हागार मी, सारा मी, लाल समुद्र मी, फारोसुद्धा मी. हागार ही अब्राहामाच्या घरची दासी; ज्या बाईला पोटच्या पोरासकट वाळवंटात हाकललं, जिच्या कातडी पिशवीतलं पाणी संपलं आणि जी पोराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसली, कारण त्याला मरताना बघवेना, ती बाई माझ्या मनाची कुठलीशी खालची पायरी ठरते आणि मी पुढचं पान उघडते. माझी कुरकुर आहे ती इथं. हागारेचा दाखला पौलानेही रूपक म्हणूनच दिलाय, गलतीकरांच्या पत्रात, त्यामुळे ही वाट चुकीची आहे असं म्हणायची माझी टाप नाही. पण पौलाच्या रूपकात निदान दोन करार होते, दोन समाज होते. तिथून सरकत सरकत आपण अशा जागी आलोय जिथं प्रत्येक वचनाच्या टोकाला एक आरसा लावलेला आहे.

वाटेत लुटून टाकलेल्या माणसाला उचलून धर्मशाळेत नेणाऱ्या दयाळू शोमरोनीच्या, म्हणजे एका परक्या जमातीच्या माणसाच्या, येशूच्या दाखल्याचं ऑगस्टीनने काय केलं ते बघा. वाटेत लुटला गेलेला माणूस आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च, आणि धर्मशाळेचा मालक म्हणजे चक्क पौल. एकेक खिळा ठोकून बसवलेला. सुंदर आहे, नाही असं नाही; त्यात मी रस्त्याच्या कडेला पडलेली आहे आणि मला उचलायला कुणीतरी आलंय, हा दिलासा खोटा नाही. पण येशूने ती गोष्ट सांगितली ती एका वकिली प्रश्नावर, माझा शेजारी कोण? आणि शेवटी त्याने सांगितलं, जा, तूही तसंच कर. माझ्या ओळखीच्या कुठल्याही रूपकात हे वाक्य बसत नाही, कारण त्यात गाढवावरून उतरून दुसऱ्याच्या रक्ताने हात माखावे लागतात. गंमत म्हणजे ऑगस्टीनलाही हे ठाऊक होतं. त्याचा एक नियम मला नेहमी धीर देतो. शास्त्राचा अर्थ लावताना चुकलास, पण त्यातून देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढलं, तर तू वाट सोडून शेतातून चालत गेलास तरी मुक्कामाला पोचलास. मात्र लगेच पुढे म्हणतो, तरी त्याला वाट दाखवून द्यावी, नाहीतर भलतीकडे जायची सवय लागते.

स्तोत्र १३७ मध्ये माझी खरी पंचाईत होते. बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसून रडलो, वीणा झाडांना टांगल्या, हे सगळ्यांना पाठ. शेवटची ओळ कुणाला पाठ नसते, कारण ती आपल्या कानावर पडतच नाही: बाबेलची तान्ही पोरं धरून खडकावर आपटणारा धन्य. हल्लीच्या प्रार्थनाग्रंथात चर्चने त्या शेवटच्या ओळी गाळल्या आहेत. ओरिजन त्या गाळत नाही. तो सांगतो, बाबेलची तान्ही पोरं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले दुष्ट विचार, ते मोठे होण्याआधीच संपवावेत. संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीतही तेच आहे, वाईट विचार मनात आला की लगेच ख्रिस्तरूपी खडकावर आपटा. साधनेचा सल्ला म्हणून याच्याइतका नेमका सल्ला मी वाचलेला नाही. राग लहान असतानाच धरायचा असतो, हे ज्याने एकदा तो मोठा होऊ दिलाय त्याला पटेल. आणि तरीही ती ओळ लिहिणारा माणूस विचारांबद्दल बोलत नव्हता. त्याचं शहर जळलं होतं, त्याची स्वतःची पोरं कुणीतरी खडकावर आपटली असणार, आणि देवासमोर उभा राहून तो सूड मागत होता. त्याच्या तोंडून तो सूड काढून घेऊन हाती साधनेचं पुस्तक दिलं, की आपण शुद्ध होतो आणि तो मुका होतो. गाळणं आणि रूपक करणं, यातलं अधिक सभ्य काय, मला सांगता येत नाही. मी ती ओळ मनात वाचते आणि तिच्यापाशी अस्वस्थ बसून राहते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने बजावून ठेवलं होतं की बाकीचे सगळे अर्थ शब्दशः अर्थाच्या पायावर उभे असतात आणि वाद घालायचाच तर त्याच अर्थावरून घालावा. कोरडं वाटतं, पण आजीने तेच केलं. तिने पाया तपासला. आणि प्रश्न घेऊन अध्याय पुन्हा वाचला तर उत्तर तिथंच आहे, आदल्याच ओवीत. इसहाकाने त्या देशात पेरलं, त्याच वर्षी शंभर पट पिकलं, त्याची मेंढरं-गुरं वाढली, आणि पलिष्ट्यांना त्याचा हेवा वाटला. विहिरी बुजवल्याचं त्यानंतर येतं. पाणी त्यांनाही लागलं असतंच. पण त्या मुलखात ज्याची विहीर त्याचं कुरण, आणि ज्याचं कुरण त्याचा मुक्काम. उपऱ्याने इथं ठाण मांडू नये, एवढ्यासाठी त्यांनी स्वतःच्या तहानेचाही विचार केला नाही. हे वाचल्यावर मला ते पलिष्टी माझ्या आत खरेखुरे दिसले. नकारात्मक विचार म्हटल्यावर कुणी दिसलं नव्हतं. नणंदेच्या घराचं वास्तूपूजन म्हणून मी डोकं दुखतंय सांगून गेले नाही, तेव्हा माझ्या हातात तेच फावडं होतं. तिकडचं जेवण, गाणी, भावंडांची भेट, हे सगळं मलाही हवंच होतं. आजीने विचारलं नसतं तर विहीर म्हणजे मन, एवढ्यावरच मी चहा पिऊन घरी आले असते.

आमच्या भागात बायबल आणि पाणी या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईच्या लढ्यात पुढे असलेले आणि सुबोध बायबल लिहिणारे फादर एकच. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा बाहेरच्यांना त्यांचं साहित्य आठवलं, आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मोर्चे आठवले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. इसहाकाच्या विहिरींवर ते काय म्हणाले असते याचा अंदाज बांधत बसणं बरं नाही. पण ज्या हाताने अब्राहामाच्या विहिरींबद्दल लिहिलं, त्याच हाताने विहिरी वाचवायच्या निवेदनांवर सह्या केल्या, हे मला कुठल्याही भाष्यापेक्षा जवळचं वाटतं.

आता ओरिजनशी माझं एक भांडण. तो म्हणतो, माती काढा, खाली पाणी आहेच. माझ्या माहेरच्या त्या जागी उद्या कुणी इमारत पाडून खणलं तर पाणी लागेल, पण ते प्यायचं असेल याची खात्री कुणी देणार नाही. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा बेसुमार झाला की समुद्र जमिनीखालून आत सरकतो. एकदा सरकला की सहजी मागे जात नाही. भूजलाचं हे गणित आत्म्यालाही लागू असेल तर? वर्षानुवर्षं उपसा करून, भराव टाकून, माणसाच्या आतलं पाणीही खारं होत असेल तर? ओरिजनकडे याला उत्तर आहे, तीच ती न पुसली जाणारी प्रतिमा. मी त्यावर विश्वास ठेवते, बहुतेक दिवस ठेवते. त्याला २५० च्या ख्रिस्ती लोकांच्या छळात म्हातारपणी तुरुंगात टाकलं, गळ्यात लोखंड अडकवलं, पाय खोड्यात ताणले, आणि तरी त्याने माघार घेतली नाही. खाली पाणी आहे, हे म्हणायचा हक्क त्याने कमावलाय. (चर्चने पुढे त्याच्या नावावरची काही मतं नाकारली, म्हणून तो कधी संत झाला नाही. मला ते बरंच वाटतं. संतांशी भांडता येत नाही.)

आणि त्या अध्यायाचा शेवट. प्रार्थनेत आम्ही तिथपर्यंत वाचतच नाही. गरारच्या गुराख्यांशी एका विहिरीवरून भांडण, दुसरीवरून वैर, तिसरीवर कुणी भांडत नाही म्हणून इसहाक हुश्श करतो, आणि मग बैर-शेबाला जातो. तिथं कोण येतं, तर पलिष्ट्यांचा अबीमलेख राजा, ज्याने त्याला 'तू आम्हाला डोईजड झालास, इथून नीघ' असं सांगितलं होतं तोच. सोबत सल्लागार आणि सेनापती. इसहाक तोंडावर विचारतो, तुम्ही माझा द्वेष करता, मला हाकललंत, आता कशाला आलात? ते म्हणतात, देव तुझ्यासोबत आहे हे आम्हाला दिसलं, म्हणून करार करू. आम्ही तुला हात लावला नाही, तुझं भलंच केलं, तुला सुखाने जाऊ दिलं. बुजवलेल्या विहिरींचा उल्लेखही नाही. ओरिजन पुढच्या प्रवचनात सांगतो की अबीमलेख म्हणजे जगाचं तत्त्वज्ञान, जे देवाच्या नियमशास्त्राशी काही ठिकाणी जुळतं आणि काही ठिकाणी भांडतं. असेलही. मी मात्र ते वाक्य एका ग्रामसभेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय: आम्ही तुमचं भलंच केलं. त्या दिवशी कुणाला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. इसहाक त्यावर काय बोलला, हे लिहिलेलं नाही. त्याने त्यांना मेजवानी दिली, ते खाल्ले-प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शपथा झाल्या. ओरिजन त्याचा अर्थ कसाही लावो, मुलीचा पॉडकास्ट कसाही लावो, मला ते जेवण अजून घशाखाली उतरत नाही.